काळी, पांढरी आणि खाण

आपल्या महाराष्ट्रांतील गांव म्हणजे दोन जमिनींचा संसार. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळींत पिकें यावयाचीं व पांढरींत माणसांनीं नांदावयाचें, अशी ही वांटणी असून जुन्या कागदपत्रांत व गांवकऱ्यांच्या बोलण्यांत ती फार पूर्वींपासून रूढ आहे. पांढरीस तिचा रंग कोठून आला, याचा मात्र आपण क्वचितच विचार करतों. पिढ्यान् पिढ्या एकाच जागीं चुली पेटल्या, मातीच्या भिंती पडल्या व पुन्हां उभ्या राहिल्या, सारवणाचे थरावर थर चढले, राख आणि केरकचरा सांचत गेला, म्हणजे मूळची जमीन झांकून जाते आणि तिच्यावर फिकट, भुसभुशीत मातीचा उंचवटा तयार होतो. हीच पांढरी. पुढें गांव उठून गेलें, त्याचें नांव लोक विसरले, वर नांगर फिरूं लागला, तरीहि ती माती आपला रंग टाकीत नाहीं.

हा रंग दोघांस चांगला ओळखतां येतो. एक शेतकरी व दुसरा पुराणवस्तूंचा संशोधक. राखेनें व कुजलेल्या पदार्थांनीं सकस झालेली ही माती पिकास मानवते, हें शेतकऱ्यानें अनुभवानें जाणलें आहे. म्हणून ओसाड पांढरीची माती गाड्यांत भरून शेतांत पसरण्याचा प्रघात पडला व किती तरी जुनीं टेंकाडें अशा रीतीनें हळू हळू शेतांत विरून गेलीं. बैलगाडीच्या त्या वेगास निदान कांहीं मर्यादा होती. आतां तें काम यंत्र करतें, आणि खताच्या मातीच्या जोडीला मुरूम, खडी, जांभा दगड व विटांची माती यांची मागणी आली आहे. रस्ते हवेत, घरें हवींत, तेव्हां खाणीहि हव्यातच. पण खाण एकदां सुरू झाली म्हणजे ती जागच्या जागीं राहत नाहीं. आज तिच्या कडेला असलेलें शेत उद्यां तिच्या पोटांत जातें.

जगांत पुष्कळ ठिकाणीं खाण अशी शेतांत सरकण्यापूर्वीं त्या शेतांत चाचणीचे चर खणून पाहतात. हे चर म्हणजे काय, त्यांतून काय कळतें व आपल्याकडे त्यांची गरज कां आहे, हें वाचकांस सांगावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. कोल्हापूर शहराच्या पश्चिमेस पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेंकडी आहे. कोल्हापूर तेव्हां संस्थान होतें. राजाराम कॉलेजांतील कन्नडचे प्राध्यापक व शिलालेखांचे अभ्यासक के. जी. कुंदणगार यांच्या प्रयत्नानें १९४४-४५ सालीं या टेंकडींतून धातूच्या वस्तूंचा एक विलक्षण संच बाहेर आला. त्यांत हत्तीवर स्वार झालेल्या माणसांची एक घाटदार आकृति होती, रोमन घडणीचा कांशाचा चंबू होता, आरसा होता आणि वीतभरहि उंची नसलेली एका देवाची मूर्ति होती. हा देव आपल्या तेहतीस कोटींपैकीं नव्हे. तो ग्रीक लोकांचा समुद्रदेव पोसायडन. समुद्रापासून इतक्या आंत, सह्याद्रीच्या अलीकडे, हा समुद्रदेव येऊन राहिला होता. आजहि तो कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयांत पाहावयास मिळतो.

त्याच्या पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९४५-४६ सालीं, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं ब्रह्मपुरीवर शास्त्रीय उत्खनन केलें व त्याचा सविस्तर वृत्तांत १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. सातवाहनांच्या काळांत येथें विटांच्या घरांचें नांदतें नगर होतें, असें त्यांस दिसून आलें. त्याच्या पुष्कळ वरच्या थरांत बहामनी अमदानीची वस्ती आढळली व तींत रंगीबेरंगी कांचेच्या बांगड्यांचे तुकडे सांपडले. कोल्हापुरांत पूर्वीं मिळालेल्या, धनुष्यबाणाचें चिन्ह असलेल्या नाण्यांवर ‘विळिवायकुर’ असें नांव येतें, आणि दुसऱ्या शतकांतील भूगोलकार टॉलेमी यानें हिप्पोकुर येथील ज्या बलेओकुर राजाचा उल्लेख केला आहे तो हाच असावा, असें विद्वानांनीं मानलें आहे. परदेशी ग्रंथांतील नांव, नाण्यांवरचीं अक्षरें आणि जमिनींतील विटा अशा रीतीनें एकमेकांस साक्ष देऊं लागल्या.

येथें एका गोष्टीकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. त्या सुंदर मूर्तीनें व चंबूनें सर्वांचें चित्त वेधून घेतलें. पण त्यांचा नेमका काळ कोणता, यांतील कोणती वस्तु परदेशांतून आली व कोणती येथेंच घडविली गेली, याविषयीं विद्वानांची चर्चा पुढें कित्येक वर्षें चालूं राहिली. त्यांस मुख्यतः घडणीवरून व शैलीवरून अनुमान करावें लागलें. याच सुमारास, १९४५ सालीं, पाँडिचेरीजवळ अरिकमेडू येथें मॉर्टिमर व्हीलर यांनीं उत्खनन केलें. तेथें त्यांस मूर्ति मिळाली नाहीं. इटलींत तयार झालेल्या तांबड्या भांड्यांचीं खापरें मिळालीं. परंतु तीं कोणत्या थरांत, कोणत्या देशी भांड्यांच्या शेजारीं होतीं, याची नोंद काटेकोर असल्यामुळें त्या फुटक्या खापरांनीं सबंध दक्षिण भारतांतील एका प्रकारच्या मडक्यांचा काळ ठरवून दिला. बाजारांत ज्यास कोणी कवडीहि देणार नाहीं, त्या खापरानें असें काम केलें. याचें कारण एकच. त्याची जागा ठाऊक होती.

आपल्याच प्रांतांतील दुसरें उदाहरण दायमाबादचें. श्रीरामपूर तालुक्यांतील या गांवीं १९७४ सालीं खणतां खणतां कांशाच्या चार मूर्ति अचानक हातीं लागल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा. त्यांचें एकूण वजन साठ किलोंहून अधिक भरतें. भारतीय कलेच्या इतिहासांत त्यांच्या तोडीचें फार थोडें आहे. परंतु त्या शास्त्रीय उत्खननांत, ठराविक थरांतून मिळालेल्या नसल्यामुळें त्यांच्या प्राचीनत्वाविषयीं मतभेद माजले. कोणी त्यांस सिंधु संस्कृतीच्या उत्तरकाळींच्या मानलें, तर कोणी धातूच्या पृथक्करणावरून शंका काढल्या. पुढें त्या ठिकाणीं रीतसर उत्खनन होऊन पांढरीचे क्रमवार थर उलगडले, तरी मूर्तींचें मूळ स्थान त्यांस कोणी परत देऊं शकलें नाहीं. जुन्या पोथीचीं पानें सुटलीं व त्यांवरील अंक पुसले गेले, तर एकेक पान वाचतां येतें, पण कथा लागत नाहीं. जमिनीचे थर हे त्या पानांवरील अंक होत.

आतां चाचणीच्या चराची रीत पाहूं. खाणीसाठीं एखादें शेत निश्चित झालें, म्हणजे प्रथम संशोधक तें पायीं हिंडून पाहतात. नांगरटीनंतर वर आलेलीं खापरें, विटांचे तुकडे, गारगोटीचीं पातीं, राखेचे डाग हें सर्व नकाशावर टिपलें जातें. शेताचें प्रचलित नांव काय, जवळपास ‘पांढरी’, ‘जुनें गांवठाण’ अशीं स्थळनामें आहेत काय, याची विचारपूस होते. मग सबंध शेतभर, मध्यें अंतर ठेवून, लांबट चर आंखतात. इंग्लंडांत साधारणतः तीस मीटर लांब व दोन मीटर रुंद असा चर घेतात. एक हेक्टर, म्हणजे सुमारें अडीच एकर, क्षेत्रांत असे सात चर घेतले तर शेंकडा चारांहून किंचित् अधिक जमीन उघडी होते. एवढ्याशा नमुन्यावरून बाकीच्या शेताचा अंदाज बांधावयाचा असतो. चर सगळे एकाच दिशेनें घेत नाहींत. कांहीं उभे व कांहीं आडवे घेतात. जमिनींत दडलेला जुना खंदक, भिंत किंवा वाट चराला समांतर गेली तर ती चुकण्याचा संभव असतो, पण आडव्या चरांत ती सहसा निसटत नाहीं.

वरची माती काढून बाजूस ठेवतात व रंग बदलला कीं थांबतात. येथून पुढें कुदळीचें राज्य संपतें आणि खुरपें व ब्रश यांचें सुरू होतें. साफ केलेल्या तळावर गोल काळसर ठिपके ओळीनें दिसले तर तेथें लांकडी खांब उभे होते असें समजावें, कारण खांब कुजून गेला तरी त्याचा खळगा निराळ्या मातीनें भरून राहतो. भाजून तांबडी झालेली माती चुलीची खूण सांगते. चराच्या उभ्या भिंतींत थर स्पष्ट दिसतात. त्यांस क्रमांक देतात, त्यांची आकृति काढतात, छायाचित्र घेतात. मग काढलेली माती ज्या क्रमानें निघाली त्याच्या उलट क्रमानें पुन्हां भरतात, म्हणजे पिकाची माती वरच राहते.

दख्खनच्या काळ्या जमिनींत ही चाचणी विशेष जरूरीची आहे. उन्हाळ्यांत या जमिनीला खोल भेगा पडतात हें सर्वांस ठाऊक आहे. वरची वस्तु त्या भेगेंत खालीं जाते, पावसाळ्यांत माती फुगून भेग मिटते आणि वर्षानुवर्षें ही घुसळण चालूं राहते. त्यामुळें काळीच्या पृष्ठावर मिळालेलें खापर मूळचें तेथलेंच, असें छातीठोक सांगतां येत नाहीं. आणि उलट, वर कांहींच दिसलें नाहीं म्हणून खालीं कांहीं नाहीं, असेंहि म्हणतां येत नाहीं. नदीकांठच्या शेतांत तर पुराच्या गाळानें जुनी वस्ती खोल झांकली गेलेली असते. तेथें चर खणल्यावांचून गत्यंतर नाहीं.

अशा ठिकाणीं गमावण्यासारखें तरी काय असतें, असें कोणी विचारील. पुणें जिल्ह्यांतील घोड नदीच्या कांठचें इनामगांव हें त्याचें उत्तर आहे. १९६८ ते १९८३ या काळांत डेक्कन कॉलेजनें तेथें उत्खनन करून इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील एक शेतकऱ्यांचें गांवच उजेडांत आणलें. शंभरांहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. सोन्यारुप्याचा मोठा सांठा कांहीं मिळाला नाहीं. मिळाल्या त्या चोपून केलेल्या जमिनी, चुली, धान्याचीं पेंवें, जळलेले दाणे. लहान मूल दगावलें म्हणजे मडक्यांचीं तोंडें एकमेकांस जोडून, त्यांत त्याला ठेवून, घराच्याच जमिनीखालीं पुरण्याची तेथें चाल होती. तीन हजार वर्षांपूर्वींच्या आईला आपलें लेंकरूं घराबाहेर, परक्या मातींत ठेववलें नसेल काय, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. यंत्राच्या दांत्याखालीं या सगळ्याची किंमत दोन फुटक्या मडक्यांइतकी झाली असती, आणि चालकाला त्यांत दोष देतां आला नसता. त्यास कोणी कांहीं सांगितलेंच नव्हतें.

इंग्लंडनें ही अडचण फार पूर्वीं ओळखली. टेम्स नदीच्या खोऱ्यांत वाळू व खडी यांच्या खाणींनीं जुन्या वस्त्या झपाट्यानें नाहींशा होऊं लागल्या, तेव्हां प्रथम संशोधक यंत्रांच्या पुढें धांवत जमेल तेवढें टिपून घेत. १९९० सालीं तेथील सरकारनें नियोजनाचें नवें धोरण जाहीर केलें. परवानगी मिळण्यापूर्वींच जमिनींत काय आहे याची पाहणी व्हावी व तिचा खर्च जो जमीन खणणार आहे त्यानें सोसावा, असा दंडक त्यामुळें पडला. १९९२ सालच्या माल्टा येथील करारानें युरोपांतील अनेक राष्ट्रांनीं हेंच तत्त्व स्वीकारलें. याचा परिणाम खाणी बंद पडण्यांत झाला नाहीं. बहुतेक शेतांत चरांतून विशेष कांहीं निघत नाहीं व काम पुढें चालूं होतें. कांहीं ठिकाणीं शेताचा एखादा कोपरा वगळतात. कांहीं ठिकाणीं तो कोपरा आधीं नीट उत्खनन करून मग खाणीला सोडतात.

आपल्याकडे १९५८ चा केंद्राचा कायदा व १९६० चा महाराष्ट्राचा कायदा संरक्षित स्मारकांचें व स्थळांचें रक्षण करतो. २०१० च्या दुरुस्तीनें राष्ट्रीय स्मारकाभोंवतीं शंभर मीटरांचा पट्टा निषिद्ध व त्यापुढील दोनशें मीटरांचा नियंत्रित ठरला. परंतु ज्या शेताचें नांव कोणत्याच यादींत नाहीं, तेथें खाणीपूर्वीं चर खणून पाहण्याची सक्ती नाहीं. मोठीं धरणें होतांना आपणहि जागे झालों होतों. कृष्णेवरील नागार्जुनसागराच्या पाण्याखालीं जाणाऱ्या नागार्जुनकोंड्याचें उत्खनन १९५४ ते १९६० या वर्षांत मोठ्या प्रमाणावर झालें व तेथील अवशेष उंच जागीं हलविण्यांत आले. धरण एक असतें आणि तें सर्वांस दिसतें. खाणी मात्र शेंकडों, एकेक दोन-चार एकरांची. त्यांची नोंद गौण खनिजाच्या दप्तरांत होते, इतिहासाच्या नाहीं.

यांत शेतकऱ्याची बाजू विसरून चालणार नाहीं. ‘शेतांत कांहीं जुनें निघालें असें कळलें, तर सरकार जमिनीला हात लावूं देणार नाहीं,’ ही भीति गांवोगांव आहे, व तिच्यापायींच पुष्कळ वस्तु रात्रींतून पुन्हां पुरल्या जातात किंवा गुपचूप विकल्या जातात. ज्याचें वर्षाचें उत्पन्न त्या तुकड्यावर अवलंबून आहे, त्याला इतिहासाची थोरवी ऐकवून उपयोग नाहीं. त्याच्या दृष्टीनें पाहिलें तर चाचणीचा चर हा खाणीपेक्षां अधिक सौम्य पाहुणा आहे. तो पीक निघाल्यावर, पावसाळ्यापूर्वीं, रिकाम्या शेतांत खणतां येतो व जमीन पुन्हां सारखी करून देतां येते. कोठें जपावें व कोठें निश्चिंतपणें खणावें हें आधींच कळल्यामुळें पुढें काम मध्येंच अडून पडण्याचें संकट टळतें. मात्र खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर येतां कामा नये, आणि कांहीं क्षेत्र वगळावें लागलें तर त्याची भरपाई रोख व वेळेवर मिळाली पाहिजे. एवढें झाल्याखेरीज त्याच्याकडून सहकार्याची अपेक्षा करणें अन्यायाचें होईल.

चर म्हणजे सर्वज्ञ नव्हेत, हेंहि सांगितलें पाहिजे. शेंकडा चार जमीन पाहून शेंकडा शहाण्णव जमिनीविषयीं बोलावयाचें, तेव्हां चूक संभवते. भिंती, खंदक, दाट वस्ती हीं चरांत बहुधा सांपडतात. पण दोन चरांच्या मध्यें असलेलें एखादें एकाकी दफन किंवा भटक्या पशुपालकांचा दोन रात्रींचा तळ निसटूं शकतो. म्हणून चर कोरे निघाले तरी वरची माती काढतांना एका जाणकारानें देखरेख करावी, अशी चाल पडली आहे. शिवाय उत्खनन हें स्वतःच एक प्रकारचें नाश करणें आहे. एकदां उकललेला थर पुन्हां रचतां येत नाहीं. मागें उरते ती केवळ नोंद. तथापि नोंद ठेवून उकललेलें व नोंदीवांचून गेलेलें, यांतील अंतर ब्रह्मपुरीनें आणि दायमाबादनें आपल्याला पुरेसें दाखविलें आहे.

हें मासिक ज्या घरांत जातें, त्यांपैकीं पुष्कळांच्या गांवाकडे अजून चार-दोन एकर जमीन असेल व मुरमासाठीं किंवा विटांच्या मातीसाठीं ती देण्याविषयीं विचारणाहि होत असेल. सही करण्यापूर्वीं एक करावें. पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर घरच्या मुलांना घेऊन त्या शेतांतून एकदां शांतपणें हिंडावें. धुतलेल्या मातींत खापरें चटकन् नजरेस पडतात. एका ठिकाणीं तीं दाट दिसलीं, मातीचा रंग फिकट वाटला, तर ती जागा कागदावर टिपून ठेवावी व छायाचित्र घ्यावें. कुतूहलापोटीं स्वतः खणूं नये. त्यानें नेमकें तेंच नष्ट होतें, जें आपणांस हवें असतें. राज्याचें पुरातत्त्व संचालनालय, डेक्कन कॉलेज किंवा जवळचें संग्रहालय यांस पत्र पाठवावें. नाणीं किंवा मौल्यवान् वस्तु निघाल्यास १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे, हेंहि ध्यानांत ठेवावें. दहा रुपयांहून अधिक मोलाच्या कोणत्याहि पुरलेल्या ठेव्यास तो कायदा लागू आहे.

आणि शेत हिंडून कांहींच दिसलें नाहीं, तरी खाणवाल्याशीं होणाऱ्या करारांत एक कलम घालण्यास कोणाची हरकत नसावी: माती काढण्यापूर्वीं जाणकारांकडून, रीतसर परवानगीनें, चाचणीचे चर घेतले जातील व त्यांचा खर्च खाणवाला सोशील. कायद्यानें अद्याप जें सक्तीचें केलें नाहीं, तें जमिनीच्या मालकानें स्वतःच्या सहीनें करून घेण्यास कोणतीच आडकाठी नाहीं. मुरूम त्या शेतांत युगानुयुगें पडून आहे. चर घेण्यास लागणाऱ्या चार आठवड्यांत तो कोठें जात नाहीं.